हिवाळ्यात तीन महिने बंद राहणारी बांधकामाची यंत्रे: ठेवण्यापूर्वी काय करावे?

पसरणी_घाट (वाई), १२ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. वाई, पाचगणी आणि महाबळेश्वर या पट्ट्यात मी लहान बांधकामे घेतो. माझ्याकडे ट्रॅक्टरवर चालणारा एक कॉम्प्रेसर, हॉपर (माल उचलून ड्रममध्ये टाकणारी पेटी) असलेला डिझेल मिक्सर, ओल्या काँक्रीटमधील हवा काढणारे पेट्रोल इंजिनाचे दोन नीडल व्हायब्रेटर, माती ठोकून दाबणारा एक रॅमर आणि पाणी उपसण्याचा एक पंप आहे. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला जातो आणि कॉम्प्रेसर जागेवर बसतो. यंदा मालकाच्या अडचणीमुळे घाटावरचे कामही फेब्रुवारीपर्यंत थांबले आहे, त्यामुळे बाकीची यंत्रेसुद्धा खाली आणून ठेवावी लागणार आहेत.

गेल्या हिवाळ्यात मिक्सर दोन महिने महाबळेश्वरला ताडपत्रीखाली उभा होता. स्लॅबच्या दिवशी सकाळी सहा वाजता हँडल मारायला सुरुवात केली, नऊ वाजले तरी इंजिनाने दाद दिली नाही. वीस माणसे हात बांधून उभी होती, खडी-वाळू मापून ठेवलेली होती आणि सिमेंटची पोती फोडलेली होती. शेवटी फ्युएल पंप उघडला तेव्हा प्लंजरवर (डिझेल ढकलणाऱ्या दट्ट्यावर) तांबूस गंज दिसला. आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी ‘थंडीने डिझेल गोठले’ असे निदान केले, ते मला पटले नाही, कारण डिझेल गोठले असते तर गंज कोठून आला? यंत्रे बंद करण्यापूर्वी नेमके काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे.

हवा_काढा (सातारा), १२ नोव्हेंबर

दादा, तुमची शंका रास्त आहे. मी २६ वर्षे इंजिनांचीच कामे करतो आणि साताऱ्यात डिझेल गोठून बंद पडलेले एकही इंजिन माझ्याकडे आलेले नाही. पाण्याने बंद पडलेली मात्र दर फेब्रुवारीत येतात. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी तीस अंशांच्या आसपास ऊन असते आणि पहाटे पारा दहा-बारावर उतरतो. अर्धी टाकी रिकामी असेल तर दिवसा तापलेली हवा बाहेर जाते आणि रात्री थंड, दमट हवा आत ओढली जाते. टाकीचा पत्रा पहाटे गार पडला की आतल्या बाजूने त्याला घाम सुटतो. हे थेंब डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसतात आणि पहिल्या हँडलला पंप नेमके तेच ओढतो. साठ रात्रींत किती पाणी जमेल, ते तुम्हीच मोजा.

आता करायचे काय ते सांगतो. टाकीच्या तळाचा नट सैल करून पहिले पाव लिटर डिझेल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटे बाटली हलवू नका. खाली वेगळी रेघ दिसली तर ते पाणी आहे. रेघ दिसेनाशी होईपर्यंत काढत राहा. मग टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवेला जागाच उरणार नाही. फिल्टरखाली काचेची वाटी असेल तर तीही उघडून पुसा.

ऑइल यंत्र ठेवण्यापूर्वी बदला, पुन्हा बाहेर काढताना नव्हे. बहुतेक जण उलट करतात, कारण नवे ऑइल तीन महिने पडून वाया जाईल असे त्यांना वाटते. पण जुन्या ऑइलात जळलेल्या इंधनाचे आम्ल आणि पाणी असते आणि ते तीन महिने बेअरिंगला चिकटून बसते. नवे ऑइल भरल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोहोचेल. बंद केल्यावर फ्लायव्हील हाताने फिरवा आणि दाब जाणवेल तेथे सोडा. तेथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे दमट हवा सिलिंडरमध्ये उतरत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला आणि हँडलला चिंधी बांधून ठेवा, म्हणजे डबा काढायची आठवण राहील.

जतचा_माणूस, १३ नोव्हेंबर

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजत नाही. आमच्याकडे रात्री कडाक्याच्या असतात, तरी मी दर रविवारी प्रत्येक इंजिन पाच मिनिटे चालू करतो आणि बंद करतो. आजवर एकही इंजिन अडलेले नाही.

मिरजेची_अभियंता, १३ नोव्हेंबर

जतच्या दादांचा अनुभव मी नाकारत नाही, कारण जतची हवा कोरडी असते आणि हा फरक लहान नाही. पण पाच मिनिटांच्या सवयीबद्दल मला मनापासून काळजी वाटते. एक लिटर डिझेल जळते तेव्हा त्यातून वाफेच्या रूपाने साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ही वाफ धुराबरोबर निघून जाते. थंड असेल तर तिचा काही भाग सायलेन्सरमध्ये आणि रिंगांवाटे उतरून ऑइलात जमतो. म्हणजे दर रविवारी आपण इंजिनात थोडे पाणी भरतो आणि बॅटरीतून सेल्फने जेवढे घेतले तेवढेही परत देत नाही. चालवायचेच असेल तर अर्धा तास, तेही शक्य असल्यास कामाचा भार देऊन चालवावे. नाहीतर नीट बंद करून तीन महिने हात लावू नये.

जतचा_माणूस, १३ नोव्हेंबर

ताई, सायलेन्सरच्या तळाला दरवर्षी भोक का पडते, याचा उलगडा आज झाला. मी ते पत्र्याच्या दर्जावर ढकलत होतो.

निवृत्त_सुभेदार (सातारा तालुका), १४ नोव्हेंबर

नोकरीतील काही वर्षे मी लडाखमध्ये रस्त्यांच्या कामावर यंत्रांसोबत काढली आहेत. तेथील थंडी आणि आपली थंडी यांतील फरक येथे लिहून ठेवतो, म्हणजे कोणते उपाय घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवता येईल.

डिझेल पाण्यासारखे गोठत नाही. त्यातील मेण आधी वेगळे होते, डिझेल गढूळ दिसू लागते आणि ते मेण फिल्टरच्या कागदावर साचते. त्यामुळे इंजिन अनेकदा सुरू होते, फिल्टरपुढे शिल्लक असलेल्या डिझेलवर काही मिनिटे चालते आणि मग गुदमरून बंद पडते. एकदा सुरू होऊन बंद पडले तर मेणाचा संशय घ्यायचा, हे आम्हाला पहिल्याच हिवाळ्यात शिकवले गेले. तेव्हा आम्ही डिझेलमध्ये रॉकेल मिसळत असू. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल लडाखला द्यायला सुरुवात केली.

रात्री बॅटरी काढून बुखारीच्या (शेगडीच्या) उबदार खोलीत न्यायची, पूर्ण चार्ज ठेवायची. भरलेली बॅटरी उणे साठ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठते आणि तिचा डबा तडकतो. पंपात पाण्याचा थेंब ठेवायचा नाही, कारण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि बिडाची पेटी अक्रोडासारखी फुटते. साखळीचे यंत्र लाकडी फळ्यांवर उभे करायचे. नाहीतर चिखल गोठून साखळी जमिनीला धरून बसते आणि सकाळी जोर केला की ड्राइव्हवर ताण येतो.

वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, ते दृश्य खरेच सुंदर असते. पण गवतावरचे दव गोठणे आणि पंपातले दोन लिटर पाणी गोठणे यांत फार अंतर आहे. महाबळेश्वरला पंप फुटेल अशी भीती मी घालणार नाही. तरीही पंपाच्या तळाचा प्लग काढून पाणी सोडा, कारण आत राहिलेला गाळ सुकून इंपेलरला (आतल्या फिरत्या चाकाला) सिमेंटसारखा धरतो.

मिरजेची_अभियंता, १४ नोव्हेंबर

सुभेदार साहेब, आपला प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. त्याला जोडून एक मुद्दा मांडते. आपल्या देशातील डिझेलच्या मानकात, म्हणजे आयएस १४६० मध्ये, उन्हाळी आणि हिवाळी डिझेलच्या मर्यादा वेगळ्या आहेत. फिल्टर तुंबू लागण्याच्या तापमानाची मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ६ अंश, तर उरलेल्या महिन्यांत १८ अंश असते. याचा अर्थ, सप्टेंबरमध्ये भरून ठेवलेल्या बॅरलमधील डिझेल पाचगणीच्या आठ अंशांच्या पहाटे गढूळ झाले, तर ते मानकाबाहेर आहे असे म्हणता येणार नाही. वाईच्या दादांच्या पंपातील गंज पाण्याचाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण घाटावर जुने डिझेल न नेता नोव्हेंबरनंतर पंपावरून घेतलेले डिझेल न्यावे.

टाकी भरण्याविषयी एक दुरुस्ती सुचवते. पहाटेच्या गारव्यात काठोकाठ भरलेली टाकी दुपारच्या उन्हात वाहू लागते, म्हणून वर दोन बोटे जागा सोडावी.

रेडिएटर असलेल्या इंजिनात कूलंट गोठण्याच्या भीतीने नव्हे, तर गंज आणि क्षार टाळण्यासाठी घाला. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असलेले मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. एवढ्या थंडीची आपल्याला गरज नाही, मात्र त्यातील गंजरोधक घटकांची आहे. कृष्णाकाठी जमिनी क्षारपड झालेल्या आम्ही रोज पाहतो. तेच बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले, तर आतल्या नळ्यांवर पांढरा थर चढणारच. त्यासाठी बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी वापरावे.

बेदाणा (तासगाव), १६ नोव्हेंबर

मी बांधकामातला नाही, द्राक्षबागायतदार आहे. पण ब्लोअर आणि ट्रॅक्टर मीही ठेवतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. इतका वेळ सगळे पाण्याविषयी बोलत आहेत, उंदरांचे नाव कोणी काढले नाही. शेजारच्या रानातील ऊस तुटला की त्यातील उंदीर थेट शेडकडे येतात. मागच्या वर्षी माझ्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरच्या डब्यात त्यांनी पाचटाचे घर बांधले होते. मऊ पाचट, त्यावर गोणपाटाचे धागे, आणि मधोमध कुरतडलेल्या वायरचे लाल-काळे तुकडे. तसाच सेल्फ मारला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. एअर क्लीनरच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि शेडमध्ये पेंडीची रिकामी पोती ठेवू नका. कुंभारमाशीचेही लक्षात ठेवा. टाकीच्या झाकणावरचे हवेचे बारीक भोक ती मातीने बुजवते आणि मग इंजिन चालता चालता डिझेलअभावी थांबते.

बॅटरीचा अर्थिंगचा पोल सुटा करा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत, १२.४ वर आली की चार्ज करा. बॅटरी फरशीवर ठेवली तर उतरते, असे आमचे आबा सांगत असत. ते जुन्या रबरी डब्यांच्या बॅटऱ्यांबाबत खरे असावे. हल्लीच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचे काही होत नाही, तरी मी आबांच्या आठवणीने फळीवरच ठेवतो.

खटावचा_सेंटरिंगवाला, १७ नोव्हेंबर

मिक्सरच्या ड्रमभोवतीच्या दातेरी रिंगला भरपूर ग्रीस थापून ठेवा, म्हणजे गंज चढणार नाही.

हवा_काढा (सातारा), १७ नोव्हेंबर

भाऊ, येथे माझे मत अगदी वेगळे आहे. त्या रिंगवर सिमेंटची धूळ आणि वाळू सतत उडते. ग्रीसमध्ये ती मिसळली की त्याचा पॉलिश पेपरसारखा खरखरीत लगदा होतो आणि दोन हंगामांत पिनियनचे (रिंग फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाचे) दात सुरीसारखे धारदार होतात. रिंग तारेच्या ब्रशने स्वच्छ करून कोरडी ठेवावी. ग्रीस निपलमधून बेअरिंगला द्यावे, आणि हॉपरच्या वायर दोरीला जुने नव्हे तर स्वच्छ ऑइल चिंधीने चोळावे. दोरी चोळताना हातमोजे घाला. तुटलेला एक धागा तळहातात गेला की आठवडा जातो.

खटावचा_सेंटरिंगवाला, १७ नोव्हेंबर

पण मग तीन महिन्यांत कोरड्या रिंगवर गंज येईल, त्याचे काय?

हवा_काढा (सातारा), १८ नोव्हेंबर

हा प्रश्न योग्य आहे. ठेवताना ऑइलचा पातळ हात फिरवा आणि काम सुरू करण्यापूर्वी तो डिझेलने पुसून काढा. ठेवणीतले संरक्षण वेगळे आणि कामावरचे वंगण वेगळे, एवढा भेद पाळला की आपला वाद मिटतो. ड्रमचे तोंड खाली करून ठेवा आणि आतील पात्यांमागे चिकटलेले काँक्रीट आत्ताच काढा. पण ड्रमवर हातोडा मारू नका. पत्र्याला पोचा आला की पुढच्या प्रत्येक घाण्याला माल त्याच खळग्यात अडकतो.

लोणंद_फाटा, १९ नोव्हेंबर

पेट्रोलच्या व्हायब्रेटरबद्दल कोणी लिहील का? माझे इंजिन दोन महिने ठेवले की दोरी ओढून खांदा भरून येतो.

मिरजेची_अभियंता, १९ नोव्हेंबर

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच भागातील कारखाने ते बनवतात, त्यामुळे शेतकऱ्याला लाभ होतो आणि त्याचा मला आनंद आहे. पण इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, हे यंत्र ठेवताना विसरून चालणार नाही. पाणी जास्त झाले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमके कार्ब्युरेटरच्या वाटीत. उरलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ राहते. म्हणून डिझेलच्या उलट करावे: पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि वाटीचा खालचा स्क्रू सैल करून शेवटचे थेंबही काढावेत. त्यानंतर प्लग काढून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडावे, दोरी हळूच दोनदा ओढावी आणि प्लग परत बसवावा.

हवा_काढा (सातारा), १९ नोव्हेंबर

नीडलची आतली लवचिक शाफ्ट बाहेर ओढून पुसा आणि ग्रीसचा पातळ थर द्या; जास्त ग्रीस भरले तर ती आत जड फिरते आणि नळी तापते. नळी मोठ्या वेटोळ्यात टांगा, खिळ्यावर मुडपून अडकवू नका. रॅमर नेहमी उभा ठेवा, कारण आडवा टाकला तर ऑइल सिलिंडरमध्ये आणि एअर क्लीनरमध्ये उतरते. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडा करून तसाच उघडा राहू द्या, बेल्ट सैल करा आणि ब्रेकरच्या (हवेवर चालणाऱ्या फोडणीच्या हत्याराच्या) हवेच्या तोंडात थोडे ऑइल घालून काही क्षण चालवून मग ते तोंड बंद करा.

मेढ्याची_लेक, २२ नोव्हेंबर

ठेवण्याविषयी खूप चांगली माहिती मिळाली. मला थंड सकाळी इंजिन सुरू करण्याविषयी लिहायचे आहे, कारण त्यात माणसाला इजा होते. माझे वडील मिक्सरवर काम करत असत. डिसेंबरातील एका सकाळी इंजिनाने उलटा झटका दिला आणि हँडलने त्यांचा अंगठा मागे मोडला. चार महिने त्यांना घास नीट उचलता आला नाही. आई वरणभात कालवून देई आणि ते डाव्या हाताने जेवत. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीभोवती गुंडाळू नये, म्हणजे झटका आला तर हात सुटतो. हे त्यांना तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. कृपया आपापल्या कामावरच्या पोरांना हे हातात हँडल देऊन दाखवा, नुसते सांगू नका.

निवृत्त_सुभेदार (सातारा तालुका), २२ नोव्हेंबर

लेकी, हे तू लिहिलेस हे फार चांगले केलेस. त्यात दोन गोष्टींची भर घालतो. डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब मोकळा करणारा दांडा) उचलून इंजिन दहा-बारा वेळा मोकळे फिरवावे, म्हणजे ऑइल सुटते आणि मग वेग आल्यावरच लिव्हर सोडावा. एअर क्लीनर काढून पेटता बोळा तोंडाशी धरण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती बंद करावी. जळकी चिंधी आत ओढली जाते आणि शेजारी डिझेलचा कॅन असतो. पाणी गरम करून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालायचे असेल तर हाताला सोसेल इतकेच गरम घ्या, उकळते पाणी गार बिडावर ओतले तर तडा जातो. ज्या इंजिनाला हीटर प्लग आहे, त्यात सुरू करण्याचा फवारा कधीही मारू नये.

पसरणी_घाट (वाई), २३ फेब्रुवारी

मंडळी, यंदा पट्टा लवकर पडला (कारखान्याचा हंगाम लवकर संपला), ट्रॅक्टर परत आला आणि काल घाटावरचे काम सुरू केले. पहाटे हवेत चांगलाच गारठा होता. मिक्सरच्या टाकीतून बाटलीत डिझेल काढले. रेघ दिसली नाही. लिव्हर उचलून बारा वेळा फिरवले, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला आणि तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागले. मेढ्याच्या ताईंचा प्रतिसाद मी कामावरच्या चौघांना वाचून दाखवला आणि प्रत्येकाच्या हातात हँडल देऊन पकड तपासली. एअर क्लीनरच्या जाळीबाहेर पाचटाचा ढीग होता, आत काही नव्हते. तासगावच्या दादांचे आभार. कॉम्प्रेसरही ट्रॅक्टरला जोडून चालवून पाहिला.

एक व्हायब्रेटर दोरीसरशी सुरू झाला, दुसरा झाला नाही. त्याची वाटी रिकामी करायची राहून गेली होती. उघडली तेव्हा तळाशी मधासारखा घट्ट थर होता आणि जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे) भोक पूर्ण बुजले होते. बारीक तार घालून मोकळे करावे का?

हवा_काढा (सातारा), २३ फेब्रुवारी

तार अजिबात घालू नका, जेटचे भोक मापाचे असते आणि ओरखडा पडला की इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट आणि वाटी तासभर कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवा. फ्लोट आधी काढून ठेवा, मग उलट्या बाजूने हवा मारा. कॉम्प्रेसर सुरू झालाच आहे; दाब कमी ठेवून त्याच्याच हवेने फुंका, आणि त्याआधी टाकीचा कॉक उघडून साचलेले पाणी सोडून द्या, नाहीतर तेच पाणी जेटमध्ये जाईल.